मासळीवाल्या मामांचा खोकला

सीडीच्या जमान्यात यवतला माझा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक कॉम्प्युटर, एक माईक आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतीला ठोकलेली गोधडी. एकदा गावोगाव मासळी विकणारे एक मामा आले. गाडीवरच्या भोंग्यासाठी त्यांना स्वतःची आरोळी भरून हवी होती. ते सारखे शर्टाला हात पुसायचे आणि प्रत्येक ‘मासळीऽऽ’च्या आधी खोकायचे. मी नवंनवं शिकलेलं सगळं सॉफ्टवेअर त्यांच्यावर चालवलं. खरखर काढली, चढा-हळू आवाज एका पातळीला आणला, खोकला तर मुळासकट उपटला. मामा अगदी रेडिओवर बातम्या देतायत असे वाटायला लागले.

आठवड्यानं ते परत आले. “साहेब, राहू गावात एकबी बाई भायेर आली न्हाई. त्यास्नी वाटलं, सरकारी गाडी आलीया. माझा खोकला ऐकला की बाया पातेलं घ्यायच्या.”

मूळ रेकॉर्डिंग मी पुसून टाकलं होतं आणि आता मुद्दाम खोकायचं म्हटल्यावर माईकसमोर मामांना काही केल्या खोकला येईना. शेवटी मीच खोकलो. मामांनी डोळे मिटून ऐकलं, शर्टाला हात पुसले आणि म्हणाले, “ह्योच!”

मोठा साउंड इंजिनिअर व्हायला निघालो होतो मी. तालुक्यात गावोगाव वाजलं ते माझं एकच काम, तो खोकला. आणि त्याला बाया दाद द्यायच्या, पातेली घेऊन.