जानरावभावजींची जीप आणि दसऱ्याचा पाना

माझे दीर जानरावभावजी अमरावतीला जिल्हा परिषदेत टायपिस्ट आहेत. आठवड्यातले सहा दिवस साहेब सांगतील ते टाइप करतात आणि रविवारी कुणाचंच ऐकत नाहीत. चार वर्षांपूर्वी अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या मागे त्यांना लढाईच्या वेळची एक जीप सापडली. तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. कापसाच्या ट्रकवर चढून जीप अमरावतीला आली, तेव्हा एक कोंबडीही सोबत आली. त्या खरेदीत उपयोगाची वस्तू तेवढीच, असं माझं मत होतं आणि ते मी लपवलं नाही.

जीप ठेवली चंद्रभान शेठच्या तेलघाणीच्या शेडमध्ये. तिचा वैद्य मात्र अकोल्याचे कुर्बान मिस्त्री. ते म्हणाले, "गाडी मेरे पास आयेगी, मैं गाडी के पास नहीं जाता." जीप तर जागची हलत नव्हती. मग भावजी दर रविवारी तिचा एकेक भाग सोडवून, पिशवीत घालून एसटीनं अकोल्याला नेऊ लागले आणि दुरुस्त करून संध्याकाळच्या गाडीनं परत आणू लागले. कंडक्टरही ओळखायला लागला होता.

"आज काय आणलं, जानरावभाऊ?"

"वॉटर पंप."

"मंग मांडीवर घ्या. लहान हाय लेकरू."

लढाईत त्या जीपनं जेवढा प्रवास केला नसेल, तेवढा तिनं सुट्या भागांनी एसटीतून केला. पण या वेडामागे एक गोष्ट होती, आणि ती ठाऊक असल्यामुळं मी चेष्टा करताना जरा बेतानं करायची. दसऱ्याला बौद्ध धम्माची दीक्षा झाली त्या वर्षी आमच्या सासूबाई, भागीरथाबाई, तिवशापर्यंत पायी आणि तिथून पुढं खच्चून भरलेल्या ट्रकमध्ये उभ्यानं नागपूरला गेल्या होत्या. परतल्यावर चार दिवस त्यांच्या पायांची सूज उतरली नव्हती. तेव्हा भावजींनी त्यांना शब्द दिला होता, "आई, एक दिवस तुले बसून नेईन. आपल्या गाडीत." त्याला आता दहा वर्षं होत आली. सासूबाईंचे गुडघेही गेले. या दसऱ्याला नाही, तर मग कधी?

नवमीच्या दिवशी जीप धडधडून चालू झाली. आमचे हे म्हणाले, "मी बडनेऱ्याहून रेल्वेनं पुढं जातो. घरातला एक तरी मानूस पोचला पायजे."

मी जीपमधून जायचं कबूल केलं ते सासूबाईंकडं बघून. पण तिला दारं नव्हती. सहा वर्षांची शकुन वळणावर बाहेर उडून पडेल, हे चित्र रात्रभर डोळ्यांपुढून हलेना. सकाळी मी तिला जुन्या नऊवारीनं सीटला बांधलं. दोन वेढे, वर गाठ.

भावजी म्हणाले, "वहिनी, ती पोरगी हाय, कापसाची गाठ नाही."

"तुम्ही समोर बघा," मी म्हटलं.

मोझरी मागं पडेपर्यंत सगळं ठीक होतं. सासूबाई पुढच्या सीटवर मांडी घालून बसल्या होत्या आणि प्रत्येक बैलगाडीकडं वरून बघत होत्या. तिवसा जवळ आलं आणि जीपच्या नाकातून वाफ निघायला लागली. भावजींनी उतरून बॉनेट उघडलं. डायनामोचा बोल्ट ढिला झाला होता. त्यामुळं पट्टा सैल पडून पंख्याबरोबर पाण्याचा पंपही थांबला होता.

"काहीच नाही. पाच मिनिटांचं काम," म्हणत त्यांनी मागून हत्यारांची जडशीळ पेटी ओढली आणि उघडली. आत जीपचे चार वर्षांतले सगळे निकामी भाग होते. झिजलेले, तुटलेले, पण टाकून द्यायचा जीव न झालेले. पाना एकही नाही.

"पाने कुठं गेले?" मी विचारलं.

भावजींनी कपाळाला हात लावला. काल संध्याकाळी चंद्रभान शेठनं शेडमधली सगळी हत्यारं पूजेला मांडली होती. आपल्या घाणीच्या सामानासोबत यांचे पानेही, मोठ्या प्रेमानं. पहाटेच्या अंधारात भावजींनी फक्त पेटीचं वजन पाहिलं होतं.

एवढ्यात निळे झेंडे लावलेला एक ट्रक थांबला. ड्रायव्हरनं आपले पाने दिले, पण ते ट्रकचे, या बोल्टाला फार मोठे. "आजी, चाला आमच्यासंग! उभी राहाले जागा हाय," वरून कुणी तरी ओरडलं. मी तर शकुनची गाठ सोडायलाच लागले होते. भावजींनी आईकडं पाहिलंही नाही. त्यांची मान खालीच होती.

"तुमी व्हा पुढं," सासूबाई ट्रकला म्हणाल्या. "मी बसून येऊन राहिली."

मग सासूबाईंना बसवूनच आम्ही जीप ढकलत तिवशात नेली. सायकलच्या दुकानाचा मालक ओमप्रकाश नवा सदरा घालून बाकड्यावर बसला होता. मागं फळीवर लहानमोठे पाने ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर कुंकू आणि एक झेंडूचं फूल.

"आज हात नाही लागत, भाऊ," तो म्हणाला. "उद्या सकाळी या, फुकट करून देतो."

"उद्या काय करू येऊन? दसरा आज हाय."

"म्हनून तं हात लागत नाही!"

सासूबाई पुढं झाल्या. "काहून रे, पूजा तुयी हाय नं?"

"हो, आजी."

"तं तू नको लावू हात. आमी तं पूजा सोडली, दहा वर्षं झाली. आमाले काय अडचन?"

ओमप्रकाश डोकं खाजवू लागला. आतून त्याची आई, पार्वताबाई, बाहेर आली. तिनं सासूबाईंकडं पाहिलं, मग बाहेर उभ्या असलेल्या शकुनकडं.

"न्या वं बाई," ती म्हणाली. "फक्त फूल जाग्यावर ठेवा. जागा रिकामी दिसाले नको."

सासूबाईंनी पदराला हात पुसला. मग त्यांनी झेंडू उचलला, पाना घेतला आणि फूल नीट त्याच जागी ठेवलं.

खरी गंमत पुढं झाली. भावजी बोल्ट आवळत होते आणि ओमप्रकाश हात पाठीमागं घट्ट बांधून शेजारी उभा होता.

"पट्टा ताणा अगोदर. अहो, तसा नाही! दांडी घाला मधात, दांडी! अरे बाप्पा, काय करून राहिले तुमी? तिरपा लावला पाना!"

"मग तूच ये नं."

"मले हात लावता येत नाही म्हनून तं तोंड लावून राहिलो!"

पाच मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला. इंजिन निवलं, पाणी भरलं, जीप पुन्हा धडधडली. ओमप्रकाशनं पाना परत घेतला नाही. तो म्हणाला, "संगच राहू द्या. वापसीत द्या. या गाडीचा मले भरोसा नाही."

आम्ही नागपूरला पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. गर्दी एवढी की जीप मैलभर अलीकडंच लावावी लागली. सासूबाई उतरल्या. साडी झटकली, पाय हलवून पाहिले. समोरून नांदगाव खंडेश्वरची त्यांची मैत्रीण इंदूबाई येत होती.

"भागीरथा! कशी आलीस व?"

"बसून," सासूबाई म्हणाल्या.

भावजी मात्र जीपजवळून हलेनात. "तुम्ही जाऊन या. मी इथं थांबतो. हिला कुलूप नाही, कुणी नेली तर?"

सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "चोर नेईन तं तिवशापर्यंत नेईन, आन् पुढं ढकलत बसन. चाल."

त्या त्यांना गर्दीतून तशाच ओढत घेऊन गेल्या. भावजींचं वय बत्तीस. मी शकुनचा हात धरून त्यांच्या मागोमाग निघाले.