तरवडाचं पान

माझ्या रानफुलांच्या पुस्तकात तरवडाच्या चित्रावर एक तपकिरी डाग आहे. तो माझ्या रक्ताचा.

पुस्तक माहेरचं, जळोचीचं. शेजारी शाळेतल्या बाई राहायच्या. चौथीनंतर माझी शाळा सुटली, तरी मी त्यांच्या ओट्यावर बसून त्यातली चित्रं बघायचे. बदली झाली तेव्हा त्यांनी ते मलाच दिलं. लग्न होऊन इंदापूरकडं आले तेव्हा साडीत गुंडाळून पेटीत आणलं. खुरपायला गेले की बांधावरचं एखादं फूल ओच्यात घालून आणायचे. पाकळ्या मोजायच्या, पानं समोरासमोर आहेत का बघायचं, चित्राशी जुळलं की त्याच पानात दाबून ठेवायचं. घरात कुणाला सांगितलं नाही. मी तशी कुणाशी फार बोलतच नसे.

सासरे मेंढरं राखायचे. नवरा एमआयडीसीत कामाला होता. एकदा सासरे लासुर्ण्याला मयतीला गेले आणि सुट्टी होती म्हणून नवऱ्यानं मेंढरं सोडली. दुपारी परतला तो ओरडतच. मेंढरं वाटेवर पडत होती. तोंडाला फेस, पाय झाडत होती. एक गाभण मेंढी अंगणापर्यंत आली आणि माझ्या पायाशी मान टाकून मेली.

सासूबाई म्हणाल्या, ही करणी आहे. घर धुंडाळलं, माझी पेटी उपडी केली. पुस्तकातून वाळलेली फुलं पडली. त्यात कळलावी होती, आणि तिचा कंद विषारी हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक. जितकी फुलं तितकी मेंढरं, असं सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्यानं घराभोवतीच्या कुपाटीतली तरवडाची फांदी मोडली. पाठीवर, मांड्यांवर, तोंडावर, जिथं लागेल तिथं मारलं. बांगड्या फुटून मनगटात घुसल्या. केसांना धरून उंबऱ्याबाहेर ओढलं. आत्ताच्या आत्ता हिला जळोचीला घालवा, असं सासूबाईंचं चाललं होतं. करणीवाली म्हणून परत आलेल्या बाईला माहेरीसुद्धा कुणी दारात उभं करत नाही. माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

सासरे लासुर्ण्याहून आले ते थेट मेलेल्या मेंढीपाशी बसले. अंगठ्यानं तिचा जबडा उघडून आतला हिरवा चोथा काढला, मुठीत धरला. मग पुस्तक उचललं.

आमच्यात सून सासऱ्यांशी बोलत नाही. लग्नापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी एका निळ्या फुलावर बोट ठेवलं.

"वाच. काय लिवलंय?"

फाटलेल्या ओठानं मी वाचलं, "विष्णुक्रांता."

"आमी नुसतं निळं फूल म्हणायचो." त्यांनी पान उलटलं. "ही कुरडू. मेंढरं आवडीनं खात्यात. आन ही कळलावी कुठली?"

"कुपाटीतली."

"कंद काढलास?"

"न्हाय. फूलच."

त्यांनी स्वतः जाऊन काठीनं माती उकरली. कंद जागेवर होता. मग सगळ्यांसमोर तो हिरवा चोथा त्यांनी नवऱ्याच्या तळहातावर ठेवला.

"ज्वारीचा कवळा फुटवा हाय ह्यो. ईख असतं ह्यात. कापलेल्या रानात घातलीस मेंढरं. धनगराचा पोरगा तू, आन बापाला ईचारलं न्हाईस."

मला घालवायचं नाही, पुस्तक तिचं तिला द्या, एवढं सांगून सासरे मेंढरं पुरायला खड्डा खणायला गेले.

ते दिसेनासे झाल्यावर नवऱ्यानं हात धुतला आणि तीच फांदी पुन्हा उचलली. मघाशी मारताना तो शिव्या देत होता, विचारत होता. आता तोंडातून शब्द नव्हता. करणी नाही हे त्याला कळलं होतं. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी वळून बघितलं आणि परत थापायला लागल्या.

फांदी तुटली तेव्हा तो थांबला. तिच्या शेंड्याला दोन पिवळी फुलं अजून होती. एक मी घेतलं. पाकळ्या पाच, चित्रातल्यासारख्याच. पुस्तकातलं ते पान उघडून त्यात ठेवताना ओठातून थेंब पडला.