निवांत गटातली घाई

सायकल क्लबात नाव घातलं ते नणंदेसाठी, आमच्या वन्संसाठी. त्यांची साखर वाढली होती, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता आणि एकटीनं रस्त्यावर सायकल चालवायची त्यांना लाज वाटत होती. "तू येशील तर जाईन," म्हणाल्या. त्या आमच्याच गल्लीत राहतात, घरी ब्लाउज शिवतात. मी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. दोघींच्या सायकली म्हणजे पोरांनी पुण्याला शिकायला जाताना जिन्याखाली टाकून दिलेल्या.

दौंडच्या आमच्या क्लबाचे रविवारी पहाटे तीन गट निघतात. पहिल्यात चकचकीत हेल्मेटवाले, त्यांचा फक्त पाठीमागचा लाल लाइट दिसतो. दुसऱ्यात मधले. तिसऱ्याला सगळे 'निवांत' म्हणतात. नाव लिहून घेणाऱ्यानं गट विचारला तेव्हा मी जराही विचार न करता निवांत सांगितलं. चाळिशी उलटलेली बाई, अंगात पंजाबी ड्रेस, खाली पोराची सायकल. दुसरं काय सांगणार?

या गटाचे प्रमुख एक आबा होते, रेल्वेतून निवृत्त झालेले. ते सगळ्यांच्या मागं चालवायचे. पाटसवरून वरवंडला जायचं, तिथं मिसळ खायची, परत यायचं. मी आणि वन्सं जोडीनं. वाटेत माझी बडबड अखंड. आठवडाभर लॅबमध्ये "मूठ आवळा, मूठ सोडा" याशिवाय काही बोलायला मिळत नाही, तो सगळा साठा मी त्यांच्यावर रिकामा करायचे. त्या फार बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, ऐकतायत.

दोन-तीन महिने असे गेले. गटातली माणसं मात्र कमी व्हायला लागली. कुणाच्या घरी पाहुणे, कुणाचा गुडघा. मी आपली दर रविवारी ताजीतवानी.

मग एकदा वरवंडहून परतताना वन्सं रसवंतीपाशी एकदम उतरल्या. सायकल तशीच आडवी टाकली आणि बाकड्यावर बसल्या. तोंड लालबुंद. मी घाबरून नाडी बघायला हात धरला, तर त्यांनी तो झटकला.

"नाडीला काय झालं न्हाई. तुलाच काय झालंय ते बघ."

"मी काय केलं?"

"तू माझ्यापेक्षा अर्धं चाक पुढं असतीस. मी तुला गाठलं का तू परत अर्धं चाक पुढं. सारखं बोलत असतीस, मला नुसतं व्हय-व्हय म्हणता येतंय. श्वासच पुरत न्हाई बोलायला!"

तेवढ्यात आबा येऊन टेकले. मला वाटलं, ते माझी बाजू घेतील. त्यांनी आधी वन्संना पाणी पाजलं, मग माझ्याकडं वळले.

"ताई, राग मानू नका. तुम्ही पुढं असता, म्हनून मागचे पन रेटतात. आपल्यामुळं खोळंबा नको, असं वाटतंय त्यांना. तुम्ही दुसऱ्या गटात जावा. ह्यो गट तुमच्यामुळं निवांत राहिला न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी जास्त वेगाबद्दल काढून टाकत होतं, आणि डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो आधी हसला, मग म्हणाला, "म्हंजी तू पास झालीस, आन् रडतीस?" मला काही ते पटलं नाही. पुढचे दोन रविवार मी गेलेच नाही. वन्सं मात्र गेल्या, एकट्या. याचा मला आणखी राग आला. तिसऱ्या रविवारी त्याच रागात मी दुसऱ्या गटात जाऊन उभी राहिले.

त्या दिवशी शिरूरच्या बाजूला, निमोण्याचा लांबचा पल्ला होता. समोरून वारा. अर्ध्या तासात मी सगळ्यांच्या शेवटी. कंपनीत सुपरवायझर असलेला, पिकल्या मिशांचा एक बिहारी माणूस मागं आला. "दीदी, मेरे पीछे चिपक के चलो, हवा मैं काटता हूँ." मग चालवता चालवता तो गावाकडच्या शेताच्या, पोरीच्या लग्नाच्या गोष्टी सांगत राहिला. मला पुष्कळ विचारायचं होतं. तोंडातून फक्त "हां" आणि "हां जी" निघालं. एका चढावर तो चांगलाच पुढं गेला, आणि वन्सं रसवंतीवर का चिडल्या ते मला पायांतून कळलं.

दुपारी आंघोळ करून तशीच त्यांच्याकडं गेले. त्या काज-बटण करत होत्या.

"वन्सं, चुकलं माझं. माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

"तू आधी बस. पाय थरथरतायत तुझे." त्यांनी चहा ठेवला. मग हळूच विचारलं, "तिकडं जमतंय का?"

"शेवटचा नंबर माझा."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की दोरा सुईतून निसटला.

आता मी दुसऱ्या गटात असते. हळूहळू दोन-चार जणांच्या पुढं सरकले आहे, कधी वारा कापायची पाळीही घेते. निवांत गटात माणसं पुन्हा वाढली आहेत, आणि वन्संची साखर मीच दर तीन महिन्यांनी तपासते, ती उतरते आहे.

मागच्या थंडीत सगळे गट राहू गावाला गेले होते, गुऱ्हाळावर. निवांत गट आमच्या आधी निघालेला. वाटेत मी त्यांना गाठलं. मला वन्संच्या शेजारी थांबावंसं वाटलं, पण त्याच ओरडल्या, "जा की पुढं! इथं घोळ घालू नको!" गुऱ्हाळावर आम्ही गरम काकवी बोटानं चाटली. वन्संनी फक्त वास घेतला, पण दोनदा घेतला. आमचा गट लगेच परत निघाला. मी म्होरक्याला सांगितलं, "तुम्ही व्हा पुढं," आणि परतीला निवांत गटात, आबांच्याही मागं, शेवटी राहिले.