मातेची परवानगी

नाटकाचं वेड मला लहानपणापासून. रंगमंच काही मिळाला नाही, नोकरी मिळाली ती लेकरांच्या दवाखान्यात, नर्सची. पण माझा सगळ्यात रंगलेला प्रयोग झाला तो धामणगाव बढ्याच्या पुढच्या एका खेड्यात, भर दुपारी, बंद खोलीत.

दवाखान्याच्या गाडीने लसीकरणाला गेले होते. एक बाई कानाशी येऊन म्हणाली, "त्या घरात पोरीले माता आली, सिस्टर." माता म्हणजे गोवर. दाराला कडुनिंबाचा डहाळा खोचलेला. मी चपला काढल्या, पायांवर पाणी घेतलं, आत शिरले.

खिडक्या लावलेल्या. अंधारात बाजेवर पोर, अंगभर पुरळ. आई आणि आत्या समोर हात जोडून बसलेल्या. पुढ्यात पाण्याचा तांब्या, काठोकाठ भरलेला.

"पाणी पेत नाई का?"

"मातेले कोनी आग्रह करते का?" आत्या म्हणाली. "तिले वाटलं त पेईन. काल रडली, पन आसू नाई. देवीले कुठं आसू येतात?"

मी पोरीवर वाकले. डोळे खोल गेलेले, नजर कोपऱ्यात कशावर तरी रुतलेली. श्वासागणिक फासळ्यांखाली खड्डा पडत होता. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. पोर वाळत चालली होती आणि घर तिची पूजा करत होतं.

"हिले आत्ताच बुलढाण्याले न्या लागते. नाईतर हातची जाईन."

आत्या दारात आडवी झाली. "मातेले उंबऱ्याबाहेर काढत नाईत. कोपली म्हंजे?"

आई एकदा तिच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे. भांडण्यात वेळ गेला असता, आणि वेळच नव्हता. मी पदर डोक्यावर घेतला, जमिनीवर कपाळ टेकलं आणि खणखणीत आवाज लावला, "माते! घाट चढून बुलढाण्याले येतं का? गाडी उभी हाये!"

मग त्या फुटलेल्या ओठांतून म्हातारीसारखा खरखरीत आवाज आला.

"चाल."

गोवरात घसा बसतो, हे मी नव्या मुलींना दरवर्षी शिकवते. तरी हातावरचे केस उभे राहिले.

आत्या भिंतीला चिकटली. पोर गिळतेय ना हे बघत मी घाटभर तिला जलसंजीवनी थेंब थेंब पाजत होते, आत्या मागून उदो उदो करत होती, आणि ड्रायव्हर आरशात बघायचंच टाळत होता. दवाखान्यात ऑक्सिजन लागला, सलाइन लागलं, 'अ' जीवनसत्त्वाचा डोस गेला.

दोन दिवसांनी पोरीने चमचा भिरकावला आणि बिस्किटासाठी भोकाड पसरलं. आईने हात न जोडता तिला सरळ कुशीत ओढलं.

आत्या खाटेजवळ सरकली. "काऊन वं, सिस्टरले 'चाल' म्हनली तवा तुले कसं वाटून राह्यलं होतं?"

"मी नाई म्हनलं," पोर बिस्कीट चावत म्हणाली.

"मंग कोन म्हनलं?"

"मले काय मालूम!"

आत्याने सावकाश माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने सलाइन तपासू लागले. ते आधीच नीट चालू होतं.