बटण लावलेली बाही

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सावेडीत रोज सकाळी ज्यांच्याबरोबर फिरायला जातो त्या मित्रांनाही नाही. आणि आता सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे — हलकं होण्याची माझी लायकी नाही. स्वतःचा संताप येतोय म्हणून सांगतोय. तुम्ही फक्त ऐका, मधेच ‘जाऊ द्या हो’ म्हणू नका. ते तीन शब्द मला आता सहन होत नाहीत. का, ते कळेलच.

मी निवृत्त शिक्षक, इतिहासाचा. नगरमध्ये आमच्या मंडळाचं एक छोटं वस्तुसंग्रहालय आहे, त्याचा मी चिटणीस. त्याचं नाव इथे घेत नाही, कारण दोष माझा आहे, वास्तूचा नाही. तलवारी, नाणी, दोनचार फर्मानं, कुणा गोऱ्या साहेबाची तंबाखूची डबी, असला सगळा ऐवज. चिटणिसाचं काम बिनपगारी, आणि ते बिनपगारी आहे हे मी येताजाता लोकांना ऐकवत असतो. असा माणूस आहे मी.

चार वर्षांपूर्वी आमच्यापुढे एक फालतू प्रश्न होता. आमची दालनं एकाची दोन होत होती आणि मधे मोठं अंगण. लोक एक दालन बघून अंगणात येतात, पाणी पितात, सावलीला बसतात, मग दुसरीकडे जातात. तिकीट तोवर कुठेतरी पडलेलं असतं. मग दारावरच्या माणसानं ओळखायचं कसं, की ह्यानं तिकीट काढलंय आणि हा नुसताच आत शिरलाय? ह्यावर आम्ही तीन बैठका घेतल्या — हो, तीन! छातीवर चिकटपट्टी लावावी, असं कुणी म्हणालं. ती लोक भिंतीला चिकटवून जातील. मनगटावर कागदी पट्टा बांधावा, असं दुसरं कुणी म्हणालं. त्याचा अंगणभर कचरा होईल. मग मी म्हणालो, शिक्का. मनगटाच्या आतल्या बाजूला, जांभळ्या शाईचा, गोल, मधे आपली कमान. हरवत नाही, फाटत नाही. मी आयुष्यभर निवडणुकीची ड्युटी केलेला माणूस, कातडीवरच्या शाईवर माझा फार विश्वास.

सगळ्यांनी माना डोलावल्या. रूथबाई तेव्हा चहा देत होत्या.

रूथबाई केडगावच्या. अकरा वर्षं आमच्याकडे झाडलोट करायच्या, सकाळी दारं उघडायच्या, काचा पुसायच्या. हातातला ट्रे टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, घामानं शाई सुटेल सर, पोरं काचेला हात लावतात, कापडाला लावतात. त्यापेक्षा कापडाची रंगीत पट्टी पिनेनं लावा आणि जाताना परत घ्या. एवढंच. ह्यात चिडण्यासारखं काय होतं? मी चिडलो. मी म्हणालो, “रूथबाई, तुम्ही चहा द्या.” सगळे हसले. आमचे अध्यक्ष जरा जास्तच वेळ हसले, आणि मला ते आवडलं.

त्या कापडाबद्दल का बोलल्या, ते मला ठाऊक होतं. नव्या दालनात आम्ही एक पांढरा टेबलक्लॉथ मांडणार होतो. त्यांच्या आजीनं मिशनच्या शाळेत असताना भरलेला. चारी कडांना ज्वारीची कणसं, हिरव्या आणि पिवळ्या दोऱ्यात, इतकी बारीक की दाणे मोजता यावेत. रूथबाईंनी तो आपणहून दिला होता. खाली ठेवायची चिठ्ठी मीच माझ्या अक्षरात लिहिली होती : ‘भरतकाम — सारूबाई, केडगाव’. आमच्या अख्ख्या संग्रहालयात कुणाची राणी नसलेल्या, कुणा साहेबाची मडम नसलेल्या बाईचं ते एकमेव नाव. ती चिठ्ठी रूथबाईंनी दिवसभरात तीनदा येऊन वाचली होती. संध्याकाळी म्हणाल्या, सर, रविवारी देवळात सगळ्यांना सांगणार आहे. चर्चला त्या देऊळच म्हणायच्या.

बघा, मी अजून टाळतोय. सांगतो.

नव्या दालनाच्या उद्घाटनाच्या आदल्या दुपारी शिक्का तयार होऊन आला. एप्रिलचं ऊन, दालनात पंखे अजून लागायचे होते. मी रूथबाईंना पॅडमध्ये शाई भरायला सांगितली. त्यांनी भरली, आणि बोटं जांभळी झाली म्हणून धुवायला गेल्या. मी स्वतःच्या उजव्या मनगटावर शिक्का मारला. फुंकर घातली. सुकला. म्हटलं, बघा — सुटतेय कुठे शाई? हे मी कुणाला ऐकवत होतो? तिथे कुणीच नव्हतं. तरी मी त्या बाईशीच भांडत होतो. मग माझं लक्ष गेलं, काचपेटीत टेबलक्लॉथचा एक कोपरा दुमडला होता. पेटी उघडीच होती. मी हात घालून कोपरा सरळ केला, मनगटानं दाबला, घामेजलेल्या मनगटानं. हात उचलला तेव्हा कणसाच्या शेजारी अर्धी कमान उमटली होती. जांभळी.

मी काय केलं? पेटी बंद केली. बाही खाली ओढली, बटण लावलं आणि बाहेर जाऊन चहा प्यालो.

घरी जाऊन मनगट खोबरेल तेलानं चोळलं, साबणानं चोळलं, शेवटी भांडी घासायच्या काथ्यानं घासलं. माझी निवड उत्तम होती. शाई काही जाईना.

सकाळी तो डाग रूथबाईंनाच दिसला. त्यांनीच आम्हाला बोलावलं. अध्यक्षांनी डाग बघितला, मग रूथबाईंच्या बोटांकडे बघितलं. धुऊनही बोटं जांभळीच होती. झाला निकाल. अध्यक्ष म्हणाले, स्वतःच्या हातानं दिलं आणि स्वतःच्या हातानं घाण केलं, आता पाहुण्यांना काय दाखवायचं? रूथबाई घाबरल्या नाहीत, हे मला तेव्हा उर्मटपणाचं वाटलं. त्या म्हणाल्या,

“शाई मीच भरली, बोटाला हाय ती. पर ह्यो शिक्का हाय, सर. माझ्या मनगटावर शिक्का न्हाई.” दोन्ही मनगटं त्यांनी पुढे केली. “सगळ्यांचीच बघा की.”

कुणी हललं नाही. झाडणाऱ्या बाईनं कार्यकारिणीला हात दाखवायला सांगावं! अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. रूथबाईंनी एकेकाकडे बघितलं. माझ्यापाशी आल्यावर त्यांची नजर थांबली. बारा महिने बाह्या कोपरापर्यंत दुमडून वावरणारा मी, त्या उकाड्यात बाही पूर्ण खाली सोडून उभा होतो. मनगटाशी बटण लावून.

इथवर मी भित्रा होतो. एवढंच असतं तर कदाचित कधीतरी सांगूनही टाकलं असतं. पण मी बोललो. मी घसा साफ केला आणि म्हणालो, “जाऊ द्या हो. मुद्दाम नाही केलं त्यांनी. माफ करून टाकू.”

माफ! मी त्या बाईला माफ केलं. आणि अध्यक्ष माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की सर, तुमचं मन मोठं आहे. तो हात मी झटकला नाही.

रूथबाईंनी पेटीची किल्ली मागितली. टेबलक्लॉथ काढला, घडी घातली, खालची चिठ्ठीही उचलली आणि दोन्ही पिशवीत ठेवलं. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि गेल्या, त्या परत आल्या नाहीत. अकरा वर्षांचं काम त्यांनी तिथेच सोडलं. मागे कुणीतरी म्हणालं, माफ केलं तरी तोरा बघा बाईचा. कुणीतरी नाही — मीच म्हणालो. बघा, आत्ता सांगतानासुद्धा दुसऱ्यावर ढकलत होतो.

शिक्का आजही चालू आहे. काचांवर, खांबांवर, पाण्याच्या माठावर जांभळे डाग उठतात, ते पुसायला आम्ही स्पिरिटची बाटली ठेवली आहे. पट्टी आणि पिनेचा विषय दोनदा निघाला. दोन्ही वेळा मी तो हाणून पाडला. मान्य केलं असतं तर काय मान्य करावं लागलं असतं, हे मला माहीत होतं.

ह्या फेब्रुवारीत तिकीट देणारी मुलगी रजेवर होती, म्हणून मी खिडकीत बसलो होतो. केडगावहून महिला मंडळाची सहल आली. रांगेत सातव्या-आठव्या रूथबाई होत्या. केस पांढरे झालेले. त्यांनी सगळ्यांसारखं तिकीट घेतलं आणि मनगट पुढे केलं. मी शिक्का पॅडवरच दाबून धरला.

“मारा, सर.”

मी मारला. अर्धाच उमटला. अर्धी कमान.

त्यांनी ती बघितली. “नीट बसला न्हाई. परत मारा.”

मी परत मारला. त्यांनी फुंकर घातली नाही. कमरेचा रुमाल काढला, मनगटाभोवती गुंडाळला, दातानं गाठ ओढली. कशाला शाई लागू नये म्हणून. मग आत गेल्या. त्या पेटीत आता साहेबाची तंबाखूची डबी आहे. खिडकीतून मला दिसत होतं — त्या पेटीसमोर उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीमागे धरून.

उठून जायला वीस पावलं होती. एक वाक्य पुरलं असतं, आणि आसपास त्यांना ओळखणाऱ्या पंचवीस बायका होत्या. पुढच्या बाईनं हात पुढे केला. मी बाही सारखी केली आणि शिक्का मारला.