लुगड्यावरचा पलटणी पट्टा

आज पॉलिशसाठी मेण वितळवलं आणि त्या वासाबरोबर ती आली. बायको जाऊन वर्ष झालं, पण हा वास काही तिला जाऊ देत नाही.

खडकीत आमचं काम एकच. दीडशे वर्षांपूर्वी पलटणीतले शिपाई बांधायचे तसे चामडी पट्टे, पितळी बक्कल लावून, हातानं बनवायचे. परदेशातले हौशी लोक घेतात. पण पट्टा नवा कोरा दिसलेला त्यांना चालत नाही, वापरलेला दिसायला हवा. म्हणून ती तो लुगड्यावर बांधून दिवसभर घरात वावरायची. अंगाच्या उबेनं चामडं वळण धरायचं.

एकदा भाकरी थापता थापता ती थांबली.

"अहो, कुणीतरी मागून कंबर धरल्यासारखं वाटतंय."

"परवाच कापलंय मी ते कातडं. फार तर म्हैस असेल."

"म्हैस असेल तुमच्या घरची!" ती हसली. पण पिठाच्या हातानं बक्कल सोडलं आणि मागं वळून बघितलंच तिनं. मला तेव्हा गंमत वाटली होती.

तिनं घातलेला शेवटचा पट्टा आज पार्सलात जायचा होता. आमचे पट्टे परदेशी पाठवणारा दुकानदार दारात खोळंबलेला. पट्टा सपाट करून वर लोखंडी ठोकळा ठेवला. ठोकळा उचलला, तर पट्टा माझ्यासमोर हळूहळू उठला आणि तिच्या कमरेएवढा गोल झाला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. आत कुणी नाही, एवढं मला कळतं. तरी त्या गोलात हात घालवेना.

दुकानदाराला म्हटलं, "एक कमी आहे. चालत असेल तर न्या."