ताठ काट्याचे अभिमानी

मत्सराला निदान शेजारी लागतो, लोभाला द्रव्य लागते. आत्मतुष्टीला एक आरसा पुरतो. तो खोटा असला तर अधिकच उत्तम. गल्लीने ज्यांना ‘दीडशहाणे’ ही पदवी बहाल केली होती, त्या मेकॅनिकांनी असा आरसा स्वहस्ते बसवला, तोही सख्ख्या धाकट्या बहिणीच्या गाडीत.

बहीण सुईण होती. आडवळणाच्या घरी पोचायला वडिलांची जुनी, वाऱ्यावर थंड होणारी ती गाडीच तिचा आधार. असल्या इंजिनात तेल तापून पातळ होते आणि गाडी उभी असता त्याचा दाब उतरतो. तो त्याचा धर्मच. परंतु स्वतःच बसवलेल्या नव्या दाबमापकाचा काटा झुकलेला दिसताच दीडशहाण्यांना आपलीच मान खाली गेल्यासारखे झाले. त्यांनी इंजिनाच्या अंगातला, काट्याला दाब कळवणारा सेन्सर उपटला आणि फिल्टरच्या अलीकडे, पंपाकडून येणाऱ्या नळीला भोक पाडून बसवला, कारण तिथे दाब नेहमीच चढा. इशाऱ्याचा लाल दिवा मधूनमधून मिणमिणत असे. त्याची वायरही तोडली.

“दादा, दिवा कुठे गेला?”

“चुगलखोराला घरात कोण ठेवतं गं? काटा बघ, कसा ताठ आहे!”

“ताठ तर तूही असतोस.”

पुढे फिल्टर गाळाने तुंबत गेला. तेल पलीकडे इंजिनात जाईना, म्हणून अलीकडचा दाब वाढला आणि काटा आणखी चढला. “म्हातारपणी तरुण केलं मी इंजिन!” दीडशहाणे दुकानाच्या उंबऱ्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. रोगी तापाने फणफणावा आणि वैद्याने अंगाच्या उबेचे कौतुक करावे, त्यातलाच हा प्रकार.

एका सकाळी, अडलेल्या बाळंतिणीकडे निघालेली गाडी चढावर करकरली आणि तेलावाचून कोरडे पडलेले इंजिन जागीच आवळले. उरलेली वाट बहीण पिशवी छातीशी धरून धावली. पोचली तेव्हा मूल जन्मले होते. वाचले ते एका धीट शेजारणीच्या पुण्याईने.

“काटा तर पडला नव्हता!” भाऊ गाडीभोवती फिरत म्हणाले.

“नाहीच पडला. तोंडघशी मी पडले, दादा.”

मरेपर्यंत ते तेलालाच दोष देत राहिले. बहिणीने इंजिन दुसऱ्याकडून बांधून घेतले, सेन्सर मूळ जागी परतला, दिवा पुन्हा मिणमिणू लागला. दादांनी नळीला पाडलेले भोक एका बोल्टने बुजवलेले आहे. त्यांच्या मागे तेवढेच उरले आहे.